भीती कळल्याची असते

‘तुंबाड’ हा भयपट २०१८ साली आला तेव्हा तो फार थोड्यांनी पाहिला. २०२४च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. मीही दुसऱ्यांदा गेले. चित्रपट सुटल्यावर जिना उतरताना पुढचा मुलगा त्यातल्या राक्षसाबद्दल मित्राला सांगत होता, “हस्तर दाखवायलाच नको होता रे. दिसला आणि भीतीच गेली. खरं भय न दाखवण्यात असतं.” मित्राने गंभीरपणे मान डोलावली.

हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकते आहे. चित्रपट मंडळांच्या चर्चांत ऐकलं, परीक्षणांत वाचलं, पटकथेच्या कार्यशाळांत शिकवताना पाहिलं. आता त्याला सुभाषिताची कळा आली आहे. म्हणणारा जाणकार ठरतो आणि ऐकणारा मान डोलावतो. हे खरं का, असं विचारायची कुणाला गरज वाटत नाही. मला ते खरं वाटत नाही. आणि ते नुसतं चुकीचं असतं तर मी लिहायला बसले नसते. त्या वाक्याने नुकसान होतं आहे. आपल्याकडची हुशार, मेहनती पोरं पहिला भयपट करायला घेतात आणि दोन तास अंधार, करकरणारं दार आणि हलणारा पडदा दाखवतात. पडद्यामागे काय आहे ते शेवटपर्यंत ठरवलेलंच नसतं. विचारलं तर म्हणतात, “आम्ही संयम पाळलाय.” ज्याच्याकडे सांगायला काही आहे आणि तरी जो थांबतो, त्याचा तो संयम. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने कसला संयम पाळला?

या मताच्या लोकांचं म्हणणं आधी नीट मांडते, म्हणजे अन्याय होणार नाही. ते म्हणतात, माणसाला सर्वांत मोठी भीती अज्ञाताची असते. म्हणून भयपटाने अज्ञाताला अज्ञातच ठेवावं. ते म्हणतात, प्रेक्षकाची कल्पनाशक्ती कुठल्याही दिग्दर्शकापेक्षा थोर असते. ती मोकळी सोडली की पडद्यावर कधीच आणता येणार नाही असं काहीतरी ती उभं करते. आणि ते म्हणतात, एकदा दाखवलं की रबर दिसतं, रंग दिसतो, संगणकाचं काम दिसतं आणि भीती संपते. पुराव्यांची यादीही ठरलेली आहे. ‘जॉज’मध्ये शार्क दिसत नाही. ‘रोझमेरीज बेबी’त बाळ दिसत नाही. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये चेटकीण दिसत नाही. निकाल लागला, असं त्यांना वाटतं.

दचकवणाऱ्यांची वकिली मला करायची नाही. शांततेत एकदम ढोल वाजवला की तान्हं मूलही दचकतं. दचकणं आणि भिणं एक नव्हे, यावर आमचं दुमत नाही. पण ढोल बडवणाऱ्यांना नावं ठेवून झाली की हे लोक थेट दुसऱ्या टोकाला जातात आणि काहीच न दाखवण्याला कला म्हणतात. माझा आक्षेप तिथे सुरू होतो.

पहिला मुद्दा अज्ञाताचा. अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट याने १९२७ साली अलौकिक भयसाहित्यावर एक मोठा निबंध लिहिला. माणसाची सर्वांत जुनी आणि तीव्र भीती अज्ञाताची, हा विचार त्याने तिथे आरंभालाच मांडला. तेव्हापासून सगळे तेच उचलत आले आहेत. पण त्या निबंधाच्या पुढे जाऊन त्याच्या गोष्टी वाचल्या आहेत का कुणी? ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ या दीर्घकथेत अंटार्क्टिकात सापडलेल्या प्राण्यांचं वर्णन तो शवविच्छेदनाच्या अहवालासारखं करतो. उंची किती फूट, पंख कसे, डोकं कसं, कुठला अवयव कुठे, सगळं मोजून सांगतो. अज्ञाताचा हा मोठा पुरस्कर्ता लिहायला बसला की मोजपट्टी हातात घेतो. मोजल्याशिवाय वाचकाला भीती बसत नाही, हे त्याच्यातल्या लेखकाला ठाऊक होतं.

आपली भाषा यापेक्षा स्पष्ट बोलते. जे माहीत नाही त्याबद्दल आपल्याला कुतूहल वाटतं, हुरहूर वाटते, फार तर धाकधूक होते. पण आपण धसका कशाचा घेतो? जे एकदा कळलेलं असतं त्याचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, ते त्याला दूध अज्ञात असतं म्हणून नव्हे. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घ्यायच्या आधीची रात्र वाईट जाते खरी, पण पोटात गोळा येतो तो ते चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि बोलायला लागतात तेव्हा. आता कळणार आणि कळलेलं पुन्हा न कळलेलं करता येणार नाही, ही भीतीची खरी जागा आहे.

हे मला पुस्तकांच्या आधी आजीने शिकवलं. राजापूरकडच्या आमच्या गावी शाळेच्या वाटेवर व्हाळ होता, त्यावर साकव होता आणि साकवाच्या पलीकडे चिंच होती. दुसरीत असेपर्यंत त्या चिंचेशी माझं काही वाकडं नव्हतं. मग एका रात्री आजीने सांगितलं. चिंचेखाली बाई उभी असते. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. बाळंतपणात गेलेली. येणाऱ्याजाणाऱ्याकडे चुना मागते. द्यायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, मागे वळायचं नाही. आणि ओळखायची कशी? पाय बघायचे. पावलं उलटी असतात.

आजीने काय लपवलं? काहीच नाही. रंग, झाड, प्रश्न, नियम, खूण, सगळं हातात दिलं. पुढे भाताची कापणी व्हायच्या आधी एका संध्याकाळी मी साकव ओलांडला तर चिंचेखाली खरंच कुणीतरी बाई उभी होती. डोक्यावर लाकडांची मोळी, पाठ माझ्याकडे. मी पाय बघायला खाली पाहिलं तर गवत गुडघ्याएवढं. पाय दिसेनात. त्या क्षणी माझ्या हातातली पाटी कशी थरथरत होती ते मला आजही आठवतं. ती आमच्याच वाडीतली काकू होती. वळली, ओळख पटली, माझा हात धरून तिने मला घरी आणून सोडलं.

समोरची बाजू इथे टाळी वाजवील. बघा, पाय दिसले नाहीत म्हणूनच घाबरलात! मग मला एवढंच सांगा, तेच गवत, तीच चिंच, तीच काकू आदल्या वर्षी मी शंभर वेळा पाहिली होती. तेव्हाही गवतात पाय दिसत नव्हते. तेव्हा का नाही घाबरले? कारण तेव्हा पाय बघायचे असतात हे मला माहीत नव्हतं. गवताने मला घाबरवलं नाही. आजीने दिलेल्या माहितीने घाबरवलं. गवताने फक्त त्या माहितीला थोडा वेळ थांबवून धरलं.

आपली भुतं अशीच आहेत. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, राहतो पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या शेतात फिरतो. प्रत्येकाला पत्ता आहे, कारण आहे, रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टींनी महाराष्ट्राला घाबरवलं त्यांपैकी एकही ‘काहीतरी होतं, काय ते कळलं नाही’ अशी नाही. तशी गोष्ट सांगितली असती तर आजीच्या मांडीवरची पोरं झोपून गेली असती.

हिचकॉकचं नाव या वादात नेहमी घेतलं जातं. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोने घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण दिलं. दोघं गप्पा मारताहेत आणि अचानक बाँब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बाँब ठेवताना आधी दाखवला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि मग त्याच फुटकळ गप्पा चालू ठेवल्या, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. दचकवणाऱ्यांवर टीका करायला हे उदाहरण सगळे वापरतात. पण त्यात काय सांगितलंय ते नीट ऐकत नाहीत. हिचकॉक म्हणतो, बाँब दाखवा. तारीख-वेळेसह दाखवा. ज्याला बाँब ठाऊकच नाही त्याच्यासाठी त्या फक्त गप्पा आहेत. ‘न दाखवण्याच्या’ पंथाने हिचकॉकला आपला गुरू कसा मानला, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आता त्यांचे पुरावे एकेक घेऊ. पहिला ‘जॉज’, १९७५. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडत होता, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तो फार दाखवता आला नाही आणि म्हणून चित्रपट वाचला, ही कथा आता दंतकथेसारखी सांगितली जाते. शार्क बिघडला हे खरं. पण मग भीती आली कुठून? किनाऱ्यावरचा तो प्रसंग आठवा. लख्ख ऊन आहे. पोरं पाण्यात खेळताहेत. पोलीसप्रमुख ब्रॉडी वाळूत बसून पाण्याकडे बघतो आहे. माणसं मध्येच आडवी जातात, कुणी गाऱ्हाणं सांगायला येतं आणि त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पुन्हा पाण्याकडे जाते. त्याला माहीत आहे की पोहायला गेलेली मुलगी शार्कने मारली. महापौराने त्याला गप्प बसवलं आहे. आपल्यालाही माहीत आहे. पाण्यातल्या पोरांना माहीत नाही. शार्क न दिसता हा प्रसंग अंगावर येतो, कारण शार्क सोडून बाकी सगळं आपल्याला दाखवून झालं आहे.

आणि त्याच चित्रपटातला सर्वांत भयंकर प्रसंग कोणता? मला विचाराल तर बोटीच्या केबिनमधला, जिथे शार्कचा शिकारी क्विंट बुडालेल्या युद्धनौकेची आठवण सांगतो. तिथे शार्क नाही, पाणीही नाही. एक माणूस टेबलाशी बसून बोलतो आहे. तो आकडे सांगतो. ११०० माणसं पाण्यात उतरली, ३१६ बाहेर आली. बाकीच्यांचं काय झालं तेही सांगतो. त्याने ‘समुद्रात काहीतरी होतं’ एवढंच म्हणून खिडकीबाहेर पाहिलं असतं तर आपण घाबरलो असतो का?

दुसरा पुरावा ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’, १९९९. चेटकीण दिसत नाही, मान्य. शेवटी पडक्या घराच्या तळघरात कॅमेरा जातो आणि जंगलात चित्रीकरणाला गेलेल्या मुलांपैकी एक जण कोपऱ्याकडे तोंड करून स्तब्ध उभा दिसतो. मग कॅमेरा पडतो. लोक म्हणतात, बघा, काही न दाखवता केवढा हादरा! काही न दाखवता? सुरुवातीला गावातला एक माणूस मुलाखतीत त्या जंगलातल्या खुन्याबद्दल सांगतो. तो मुलांना जोडीने तळघरात न्यायचा. एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. ते वाक्य काढून टाका आणि शेवट पुन्हा बघा. एक तरुण भिंतीकडे बघत उभा आहे, एवढंच उरेल. तो शेवट अज्ञाताने उभा केलेला नाही. तासाभरापूर्वी दिलेल्या एका माहितीने तो उभा केला आहे आणि प्रेक्षक ती माहिती विसरलेला नाही.

तिसरा पुरावा त्यांचा सर्वांत लाडका, पोलान्स्कीचा ‘रोझमेरीज बेबी’, १९६८. यातली एक गोष्ट मी मनापासून मान्य करते. म्हातारी शेजारीण शेजारच्या खोलीत जाऊन फोन करते. पोलान्स्कीने कॅमेरा असा ठेवला की दाराच्या चौकटीआड ती अर्धीच दिसते. छायाचित्रकार विल्यम फ्रेकर यांनी पुढे आठवण सांगितली की चित्रपटगृहात त्या वेळी प्रेक्षक मान कलती करून चौकटीपलीकडे बघायचा प्रयत्न करत होते. सुंदर युक्ती आहे ती. पण मान का कलली? कारण ती बाई कोण, कशी सलगी करते, या गरोदर मुलीच्या आयुष्यात कशी शिरते आहे, हे तोवर आपण बघत आलो आहोत. अनोळखी बाईसाठी कुणी मान कलती करत नाही.

आणि शेवट? काळा पाळणा आहे, रोझमेरी आत वाकून बघते, तिचा हात तोंडावर जातो. बाळ आपल्याला दिसत नाही. आमचे जाणकार तिथेच थांबतात. पण चित्रपट तिथे थांबत नाही. पुढे ती दूर होते, रडते, तिच्या हातात चहा दिला जातो, बाळ किरकिरतं आणि ती हळूहळू पाळण्याजवळ येऊन तो हलवायला लागते. शेवटची भीती तिथे आहे. ते बाळ काय आहे हे आता तिला पूर्ण माहीत आहे, नवऱ्याने कशाच्या बदल्यात तिला विकलं हे माहीत आहे आणि तरी ती आई आहे. तिला काही कळलंच नसतं तर तो पाळणा कुणाला लक्षात राहिला असता?

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळते. प्रेक्षकाची कल्पनाशक्ती थोर असते, मोकळी सोडा, असं म्हणतात. हे वाक्य ऐकायला नम्र वाटतं, प्रेक्षकाचा मान ठेवल्यासारखं वाटतं. पण प्रामाणिकपणे सांगा, अंधाऱ्या पडद्याकडे बघताना तुमच्या मनात काय येतं? माझ्या मनात आधीच्या दहा चित्रपटांत पाहिलेलं येतं. मोकळे केस, पांढरं लुगडं, लाल डोळे. मोकळी सोडलेली कल्पना उंच उडत नाही, ती पायाखालच्या वाटेने घरी जाते. ती आळशी असते आणि स्वतःला सांभाळून असते.

हिदेओ नाकाताचा ‘रिंगू’, १९९८. शेवटी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर विहीर दिसते. विहिरीतून मुलगी बाहेर येते, चालत पुढे येते, काचेपर्यंत येते आणि काचेतून खोलीत उतरते. भूत गोष्टीतून बाहेर येऊन चटईवर हात टेकतं, हे जगातल्या कुठल्या प्रेक्षकाने स्वतःहून कल्पलं होतं? तिची चाल अशी का अंगावर येते? अभिनेत्रीला उलटं चालवून ते दृश्य उलटं फिरवलं आहे. पावलं पुढे येतात, पण शरीराचं वजन मागे जाताना असतं तसं पडतं. माझ्या आजीची उलट्या पावलांची बाई मला तिथे टोकियोत भेटली. दिग्दर्शक हा आपल्याहून जास्त कल्पना असलेला माणूस असतो, म्हणूनच आपण तिकीट काढतो. आपलीच कल्पना पुरेशी असती तर घरी दिवे मालवून बसलो असतो.

तिसरा मुद्दा, दाखवलं की रबर दिसतं. दिसतं, वाईट केलं तर दिसतं. पण आमटी खारट झाली म्हणून कुणी मिठालाच दोष देतं का? आपल्याकडे या मुद्द्यावर नेहमी रामसे बंधूंना उभं केलं जातं. १९८४चा ‘पुराना मंदिर’, त्यातला सामरी. मी तो चित्रपट गर्दीत बसून पाहिला आहे. उंचापुरा अजय अगरवाल सामरी होऊन समोर आला की थिएटर शांत व्हायचं. तो दिसायचा म्हणून भीती गेली नाही. भीती जायची ती मध्ये गाणी यायची म्हणून, ‘शोले’ची नक्कल करणारा विनोदी उपकथेचा तुकडा यायचा म्हणून आणि ज्यांच्यावर संकट यायचं त्या माणसांची आपल्याला काळजीच वाटत नसायची म्हणून. ‘रामसेंनी भूत दाखवलं’ हे निदान चुकीचं आहे. त्यांनी भूत दाखवलं, पण माणसं दाखवायची राहिली.

आणि उजेडात दाखवलं तर? जॅक क्लेटनचा ‘द इनोसंट्स’, १९६१. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वर बेतलेला. भर दिवसा, तळ्याकाठी, लहान मुलगी एक सूर गुणगुणत बसली आहे. नवी शिक्षिका सहज समोर बघते. तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यांमध्ये, काळ्या कपड्यांतली एक बाई उभी आहे. ती हलत नाही, येत नाही, ओरडत नाही. कॅमेरा काही लपवत नाही आणि जवळही जात नाही. आधीची शिक्षिका मरण पावली आहे हे आपण जाणतो. आता ती उभी आहे आणि मुलगी गुणगुणते आहे. त्या मुलीलाही ती दिसते आहे का, हे तिच्या चेहऱ्यावर शोधताना आपल्या लक्षात येतं की शोधायलाच नको होतं. त्या दृश्यात एकही गोष्ट अंधारात नाही. साठ वर्षं झाली, तरी ते दृश्य जुनं होत नाही.

मग पुन्हा ‘तुंबाड’. जिन्यावरच्या त्या मुलाला मला हेच सांगायचं होतं. राही बर्वे यांनी नारायण धारपांच्या कथेवरून हे बीज घेतलं आणि खऱ्या पावसाची वाट पाहत अनेक पावसाळ्यांत ते चित्रित केलं. हस्तर दिसतो म्हणून तो चित्रपट फिका पडला, असं म्हणणाऱ्याने शेवट नीट पाहिलेला नाही. देवीच्या गर्भात हस्तर आहे, त्याच्या लंगोटीत सोनं आहे, तो कायमचा भुकेला आहे. पिठाची बाहुली टाकली की तो खायला येतो. तो खातो तेवढ्या वेळात मोहरा काढायच्या. पिठाच्या रिंगणात उभं राहायचं. चित्रपट हे सगळं आपल्याला पुन्हापुन्हा दाखवतो. नायक विनायक उतरतो, बाहुली टाकतो, हस्तर येतो, विनायक वर चढतो. हे नोकरीसारखं, सरावाचं होऊन जातं. दाखवून दाखवून भीती गेली, असं वाटतं ना? ती तिथेच साठत असते.

मग विनायकचा मुलगा म्हणतो, एकेक मोहर कशाला, सगळी लंगोटीच आणू. ते ढीगभर बाहुल्या घेऊन उतरतात. आणि त्यांच्याही आधी आपल्या डोक्यात हिशेब होतो. एका बाहुलीला एक हस्तर. मग एवढ्यांना किती? मी दुसऱ्यांदा पाहत होते, मला शेवट पाठ होता, तरी त्या बाहुल्या बघून माझ्या हाताला घाम सुटला. शेजारची बाई पुटपुटली, “अगं बाई.” तोवर पडद्यावर काहीच आलेलं नव्हतं. हस्तर आधी इतक्या वेळा, इतक्या जवळून दाखवला नसता, तर त्या ढिगाकडे बघून आम्हाला काय कळलं असतं? पीठ, एवढंच.

‘रिंगू’चा शेवटही असाच आहे आणि तो मला टीव्हीतून येणाऱ्या मुलीहून जास्त भयंकर वाटतो. नायिकेला अखेर नियम कळतो. शापित व्हिडिओ फीत पाहिलेल्याने तिची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली तर तो वाचतो. तिचा लहान मुलगा फीत पाहून बसला आहे. ती गाडीत बसते आणि आपल्या वडिलांना फोन करते, एक मदत हवी आहे म्हणून. मग गाडी आभाळ भरून आलेल्या रस्त्याने निघून जाते. भूत नाही, अंधार नाही, रहस्यही उरलेलं नाही. सगळा उलगडा झाला आहे आणि त्या उलगड्यानेच एका आईला स्वतःच्या बापाच्या दारात नेलं आहे. तिला नियम कळलाच नसता तर ती अज्ञानात सुखी होती. कळलं, म्हणून आता निवडावं लागतं.

मराठीत हे ‘लपाछपी’ने करून दाखवलं. विशाल फुरियांचा हा चित्रपट २०१७ साली आला, पुढे त्यावरून हिंदीत ‘छोरी’ निघाला. शहरातली गरोदर मुलगी एका दूरच्या घरात येते. चहूबाजूंना ऊस. उसात लहान मुलं खेळताना दिसतात आणि नाहीशी होतात. आपण उसाला घाबरतो, कारण उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. न दाखवणाऱ्यांना हवा तसा देखावा आहे तो. पण चित्रपट उसावर थांबत नाही. तो उषा नाईक यांनी उभ्या केलेल्या तुळसाबाईकडे जातो. ती या मुलीला प्रेमाने जेवू घालते, जपते. आणि मग आपल्याला कळतं की या घरात मुलींचं काय केलं गेलं. उसात काही दिसत नव्हतं, हा त्रास तिथे संपतो. खरा त्रास नंतर सुरू होतो, कारण हे आपल्या ओळखीचं आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११च्या जनगणनेत ८९४ झाल्या. तो आकडा आपण वर्तमानपत्रात वाचून पान उलटलेलं असतं. ‘लपाछपी’ तेच पान पुन्हा उघडून समोर धरतो. ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय तो ठेवत नाही.

तर मग अंधाराला, आडोशाला काहीच किंमत नाही का? आहे, पण साधनाची. दाराची चौकट, गुडघ्याएवढं गवत, बिघडलेला शार्क, हे सगळं कळणं थोडं लांबवायला असतं, म्हणजे ते कळेल तेव्हा खोल रुतावं. लांबवणं आणि टाळणं यांत फरक आहे. ज्याला शेवटी द्यायचंच आहे तोच लांबवतो. ज्याच्याकडे द्यायला नाही तो टाळतो आणि त्या टाळण्याला आजकाल पारितोषिकं मिळतात.

म्हणून भयपट करणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे. कॅमेरा अंधारात नेण्याआधी अंधारात काय आहे ते ठरवा. ते कुठे राहतं, काय खातं, काय मागतं, त्याला कोण आणि का बळी पडतं, हे लिहून काढा. मग ते आम्हाला सांगा. हळू सांगा, हवं तर अर्धं आज आणि अर्धं उद्या सांगा, पण सांगा. आम्हाला इतकं सांगा की पिठाचा ढीग बघून आमच्या हाताला घाम सुटेल, कोपऱ्यात उभा मुलगा बघून आमचा श्वास अडकेल, पाळणा हलताना बघून आम्हाला उठून पळावंसं वाटेल आणि पळता येणार नाही.

साकवापलीकडची ती चिंच आता नाही, रस्ता रुंद करताना तोडली. गेल्या मे महिन्यात मी तिथून गेले. सकाळचे दहा वाजले होते, डांबरी रस्ता, लख्ख ऊन, लपायला गवताची काडी नव्हती. पलीकडे एक बाई बसची वाट बघत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आधी तिचे पाय पाहिले.